झोपाळ्यावरची दुर्बीण : परिचयपत्रकातल्या एका ओळीचं प्रकरण

आमचा वाचकगट नागपूरच्या धरमपेठेत एका सभासदाच्या घरी बसतो. महिन्यातला एखादा रविवार, एक पुस्तक, चहा, कुणी आणले तर तर्रीपोहे. यंदा उन्हाळ्यात गटाने पहिल्यांदाच बाहेरच्या लोकांसाठी कार्यक्रम करायचं ठरवलं. साहित्यकृतीवरून काढलेला एक जुना चित्रपट दाखवायचा, आधी मूळ कथेची ओळख करून द्यायची, शेवटी चर्चा. निवड झाली सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ची (१९६४). मूळ कथा रवींद्रनाथ ठाकुरांची ‘नष्टनीड’, १९०१ सालची.

प्रेक्षकांच्या हाती द्यायचं पत्रक लिहिलं सरांनी. सर म्हणजे गटातले निवृत्त प्राध्यापक, मराठी आणि संस्कृत दोन्ही शिकवलेले. पत्रकाची पहिलीच ओळ होती : ‘सुंदर, एकाकी वहिनीला तरुण दिराविषयी वाटलेल्या ओढीची हळुवार कहाणी.’ छापायला टाकण्याआधी ती सगळ्यांना वाचून दाखवली, तेव्हा कुणाला त्यात काही खटकण्यासारखं वाटलं नाही. चित्रपटाबद्दल बहुतेक लोक हेच सांगतात.

गटातली सगळ्यात धाकटी, आर्किटेक्चर शिकणारी मुलगी तेवढी अडून बसली. “सर, ही ओळ वाचून माणूस पिक्चरला बसला तर पहिल्या दहा मिनिटांत त्याला काहीच दिसणार नाही. तो दिराची वाट पाहत बसेल.”

सर हसले. पण ओळ त्या दिवशी छापायला गेली नाही.

पडद्यावर आहे ते

काळ १८७९-८० चा, शहर कलकत्ता. भूपती पैसेवाला, उदारमतवादी, इंग्रजी राजकारणात बुडालेला. घरातच छापखाना, ‘सेंटिनल’ नावाचं इंग्रजी वृत्तपत्र, रात्रंदिवस तोच ध्यास. चारू त्याची बायको. ती एकटी पडते हे त्याच्या लक्षात येतं, म्हणून तो तिचा भाऊ उमापद आणि भावजय मंदा यांना घरी बोलावून घेतो. मंदा पत्ते खेळते, झोपा काढते. तिच्याशी चारूचं जमत नाही. मग वादळाबरोबर घरात शिरतो भूपतीचा आतेभाऊ अमल. नुकती परीक्षा दिलेला, गाणारा, साहित्याची हौस असलेला. चारूचा लिहिण्याकडे कल आहे, तिला तिच्या नकळत लिहितं कर, असं भूपतीच अमलला सांगतो.

ही शेवटची गोष्ट प्रेक्षक फार लवकर विसरतात. ज्या जवळिकीवर सगळी कथा उभी आहे, तिची सुरुवात नवऱ्याच्या सांगण्यावरून झाली आहे.

पुढचं थोडक्यात. अमल बागेत बसून लिहितो, चारू त्याला वही करून देते. वहीतलं लिखाण बाहेर छापायचं नाही असं दोघांत ठरलेलं असतं. तो ते छापतो. चारू दुखावते आणि स्वतः लिहायला बसते. तिचा ‘आमार ग्राम’ हा लेख त्याच्यापेक्षा वजनदार मासिकात येतो. तो अंक ती अमलच्या डोक्यावर हाणते आणि पुढच्याच क्षणी त्याच्या छातीवर डोकं टेकवून रडते, पुन्हा लिहिणार नाही म्हणते. अमल घाबरतो. इकडे उमापद भूपतीचे पैसे घेऊन पसार होतो. एका विश्वासघाताने पोळलेल्या भावाच्या घरात आपल्याकडून दुसरा नको, म्हणून अमल रातोरात चिठ्ठी ठेवून निघून जातो.

माधवी मुखर्जी चारू, सौमित्र चटर्जी अमल, शैलेन मुखर्जी भूपती. छायाचित्रण सुब्रत मित्र यांचं, घर उभं केलं बन्सी चंद्रगुप्त यांनी. १९६५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रायना दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. आमच्याकडे बऱ्याच जणांना चटकन जवळचं वाटलं ते मात्र वेगळंच : अमलच्या तोंडचं ‘आमि चिनि गो चिनि’ किशोरकुमारने गायलेलं आहे.

दोन बाजू

सरांची बाजू आधी मांडतो, कारण ती वरवर दिसते तेवढी साधी नाही. त्यांना ‘ओढ’ म्हणजे शरीराची ओढ म्हणायचं होतं आणि ते त्यावर ठाम होते. “तुम्ही मंडळी आता म्हणाल, तिला लिहायचं होतं, तिला स्वातंत्र्य हवं होतं. म्हणजे बाईला सोवळं नेसवून मोकळे. ती त्याच्या छातीवर रडते ते काय लेख छापून आला म्हणून? कालिदासापासून आपल्याकडे बाईची इच्छा सरळ इच्छा म्हणून लिहिली आहे. आजच तिला साहित्यिक कारण शोधायची काय गरज पडली?”

मला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. सुसंस्कृत मंडळींना बाईची वासना पचत नाही, म्हणून ती तिची प्रतिभा करून टाकतात. मराठीत अशी समीक्षा ढिगाने सापडेल.

आर्किटेक्चरच्या मुलीचं म्हणणं रचनेवर होतं. चित्रपट चारूच्या चेहऱ्यापासून सुरूच होत नाही. आधी दिसतात तिचे हात आणि सुई. रुमालावर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर भरलं जातंय. भूपतीचा ‘बी’. घड्याळाचे ठोके पडतात, ती नोकराला हाक मारून नवऱ्याचा चहा न्यायला सांगते. मग पुस्तकांच्या कपाटाशी जाते, कादंबरीकार बंकिमचं नाव गुणगुणते. मग बाहेरून आवाज येतो आणि ती हातात धरायची नाजूक दुर्बीण घेऊन खिडकीच्या पट्ट्यांमधून रस्ता बघू लागते. माकडवाला, पालखीचे भोई, छत्रीवाला लठ्ठ माणूस. तो माणूस पुढे सरकतो तशी ती या खिडकीतून त्या खिडकीत पळते. “सर, अमल अजून कलकत्त्यात आलेलाच नाही,” ती म्हणाली. “आणि हवंसं वाटणं सुरू झालेलं आहे.”

त्यानंतर भूपती तिच्या अगदी जवळून व्हरांड्यातून जातो. हातात पुस्तक, डोकं पुस्तकात. ती त्याला दिसत नाही. तो पाठमोरा झाल्यावर चारू दुर्बीण उचलते आणि चार पावलांवरच्या नवऱ्याला दुर्बिणीतून बघते, मग हात खाली सोडते.

यावर सर म्हणाले, हे एकाकीपण झालं, आणि एकाकी शब्द पत्रकात आहेच. तिथे चर्चा थांबली असती.

काकू

गटात शंकरनगरच्या एक काकू आहेत. बँकेतून निवृत्त, सत्तरीच्या आसपास. चर्चेत फार बोलत नाहीत, पण बोलल्या की कुणाला तरी उद्देशून बोलतात.

“सर, तुम्ही नवतपात दुपारी एक ते पाच घरात राहिलात का कधी? सुट्टीच्या दिवशी नाही म्हणत मी. रोज.”

सरांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं.

काकूंचं लग्न महाल भागातल्या एका वाड्यात झालं. नोकरी नंतरची. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला, दारं-खिडक्या सकाळीच लावून घेतलेल्या, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून झालेलं. जेवणं उरकली की सासूबाई आडव्या होत, पुरुष कामाला गेलेले. “घरात काम नाही असं नव्हे, पण माझ्यावाचून अडेल असं काम नाही. मी लाकडी झडपेतून रस्ता पाहत बसायची. बर्फाची गाडी, कुल्फीवाला, एखादा पोस्टमन. हे पोरगी म्हणून राहिली नं, या खिडकीतून त्या खिडकीत, तसंच. मला काही कुणाचा दीर नको होता. मला रस्ता पाहायचा होता.”

मग थोडं थांबून म्हणाल्या, “आता त्या वेळी त्या रस्त्यावरून कुणी देखणा माणूस घरात शिरला असता अन् माझ्या वहीत डोकं घातलं असतं, तर काय झालं असतं ते नाही सांगत मी.”

सगळे हसले, सरही. पण माझ्या मते वाद त्या दोन वाक्यांत अर्धा सुटला होता. सर आणि ती मुलगी, दोघंही इच्छेला एकच नाव द्यायला बघत होते. काकूंनी तिचा क्रम सांगितला.

मूळ कथेत काय आहे

मोतीबागेचे दादा गटातले एकमेव बंगाली. बंगाल नागपूर रेल्वेच्या नोकरीने घराणं इथे आलं ते इथलंच झालं. मराठी आमच्यासारखीच बोलतात, वाचतात मात्र बंगाली. पुढच्या बैठकीत त्यांनी ‘नष्टनीड’ची सुरुवात मूळातून वाचली आणि ओळीओळीला मराठीत सांगत गेले.

रवींद्रनाथ चारूच्या रूपवर्णनात रमत नाहीत. ते सुरुवात करतात भूपतीच्या न बघण्यापासून. वृत्तपत्राच्या नादात आपली बालवधू कधी तरुण झाली हे या माणसाला कळलंच नाही. सरकारच्या सीमाधोरणाची खबर त्याला आहे, घरातली नाही. श्रीमंताच्या घरात चारूला काही कामच नाही. फळ न धरणाऱ्या फुलासारखं, कुणाला गरज नसताना उमलत राहणं एवढाच तिच्या दिवसांचा उद्योग. कथेतला लेखक हे आपल्याला सांगतो, थोड्या थट्टेने सांगतो, आणि पुढे जातो.

रायनी काय केलं ते इथे दिसतं. नवरा बघत नाही हे वाक्य कॅमेऱ्याला बोलता येत नाही. म्हणून त्यांनी बघण्याचं साधन बायकोच्या हातात दिलं. ती दुर्बीण कथेतली नव्हे, चित्रपटाची. ज्या घरात तिच्याकडे कुणी बघत नाही त्या घरात सगळ्यात जास्त बघणारी तीच आहे. सौंदर्य इथे चारूच्या चेहऱ्यावर लावलेला दागिना म्हणून येत नाही. माधवी मुखर्जी सुंदर दिसतात हे खरं, पण कॅमेरा आपल्याला तिच्याकडे बघत बसू देण्याआधी ती कशाकडे बघते ते दाखवतो. सरांची ओळ नेमकी याच्या उलट होती. तिने चारूला पहिल्याच शब्दात बघण्याची वस्तू करून टाकलं होतं.

वाचता वाचता कुणीतरी कादंबरीदेवींचा विषय काढला. रवींद्रनाथांची वहिनी, ज्योतिरिंद्रनाथांची पत्नी. डिसेंबर १८८३ मध्ये रवींद्रनाथांचं लग्न झालं आणि १८८४ मध्ये तिने जीव दिला. हा धागा ‘नष्टनीड’शी सगळेच जोडतात. दादा वैतागले. “आमच्या घरी कुणी चारुलताचं नाव काढलं की पाच मिनिटांत हेच सुरू होतं. मग पिक्चर कोणी पाहत नाही.” त्यांचं म्हणणं मला पटलं. लेखकाच्या घरातलं दुःख माहीत असणं वाईट नाही, पण ते एकदा टेबलावर आलं की पडद्यावरच्या बाईला स्वतःची इच्छा उरत नाही. ती दुसऱ्या कुणाचीतरी सावली होते. पत्रकात हा उल्लेख नको, यावर एकमत झालं. त्या दिवसातलं ते एकच एकमत.

झोपाळा

त्यानंतर आम्ही बागेचा प्रसंग लॅपटॉपवर पुन्हा लावला. पहिल्यांदा आवाज बंद करून, नंतर आवाजासकट. हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे तो चुकीचा आठवतात, म्हणून सावकाश सांगतो.

कथेत बाग अशी नाहीच, म्हणजे नावापुरती आहे. चारू आणि अमल तिथे काय काय करायचं याचे मनोरे रचतात, तळं, हंस, झोपडी, खर्चाचा अंदाज, आणि बाग काही होत नाही. रायनी ती कल्पना सोडून खरीखुरी, गवत माजलेली बाग दाखवली. अमल चटईवर पालथा पडून लिहितोय. चारू झोपाळ्यावर. ती ‘फुले फुले ढले ढले’ गुणगुणते. रवींद्रनाथांनी ती चाल एका स्कॉटिश लोकगीतावरून घेतली आहे. घरातली इंग्रजी हौस आणि चारूचं गाणं यांचा असा आडून मेळ बसतो.

झोपाळा हलू लागतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर हलतो. त्यामुळे चारूचा चेहरा पडद्यावर जागच्या जागी राहतो आणि मागची झाडं, आकाश, सगळी बाग वरखाली जाते. आर्किटेक्चरच्या मुलीने इथे थांबवलं. तिच्या मते हा चित्रपटातला एकमेव क्षण आहे जिथे चारू स्थिर आहे आणि जग तिच्यासाठी हलतंय. घरात उलट असतं.

मग दुर्बीण. ती आधी पानांकडे बघते, मग शेजारच्या घराच्या खिडकीकडे. तिथे एक बाई मूल कडेवर घेऊन उभी आहे. चारू त्या मुलाकडे बघत राहते. आणि तिथून दुर्बीण सरकत येते ती अमलवर. खाली पडलेला, लिहिण्यात गढलेला, आपल्याला कुणी बघतंय याचा पत्ता नसलेला अमल. दुर्बीण खाली येते आणि चारूच्या चेहऱ्यावर काहीतरी कळल्याचं दिसतं. काय कळलं ते राय सांगत नाहीत. संवाद नाही.

“पाहा, शरीर,” सर म्हणाले. “पालथा पडलेला तरुण. याहून सरळ काय पाहिजे?”

“मूल आधी पाहिलं तिने,” काकू म्हणाल्या.

“मूल म्हणजे काय, शरीर नव्हे?”

“तसं म्हणा. पण नुसता अमल नाही नं मग.”

मला वाटतं, चित्रपटाची सगळी मेख या क्रमात आहे : रस्ता, नवरा, मूल, अमल. एकच दुर्बीण, एकाच बाईचा डोळा. अमलची ओढ ही वेगळी नवी गोष्ट नसून आधीपासून भुकेल्या नजरेला अखेर जवळ, हाताशी मिळालेलं ठिकाण आहे. म्हणून ती कमी शारीर ठरत नाही; सरांचा तो मुद्दा मी मान्यच करतो. पण ‘वहिनीला दिराविषयी’ असं म्हटलं की पहिल्या तीन गोष्टी गळून पडतात आणि चौथीचं लफडं होतं.

आणखी एक, जे चर्चेत कुणी बोललं नाही. या प्रसंगात देखणेपणाची जागाच बदलली आहे. बघणारी बाई आणि बघितला जाणारा पुरुष. आपल्या चित्रपटांत झोपाळ्यावर बाई असली की तिच्याकडे कुणीतरी झाडाआडून बघत असतं, ही सवय इतकी पक्की की कित्येकांच्या आठवणीत या प्रसंगात अमलच चारूकडे बघतो. तो बघत नाही. तो लिहितोय. भूपतीसारखाच त्याचाही डोळा कागदावर आहे, आणि हे चारूला कळलं असेल तर त्या चेहऱ्याचा अर्थ आणखी एक पायरी खाली जातो.

पुढे ती लिहायला बसते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर गावातल्या आठवणींची दृश्यं मिसळतात. तिथे दुर्बीण नाही. लागत नाही.

छापलेली ओळ

बराच खल होऊन पत्रकात शेवटी हे गेलं : ‘कुणी न बघणाऱ्या घरात एक बाई दुर्बिणीतून काय काय बघते, त्याची गोष्ट.’ पहिला मसुदा मुलीचा, ‘काय काय’ काकूंचं. त्याखाली एक सूचना : पहिली दहा मिनिटं उशिरा येऊ नये. याचा परिणाम झाला. नागपुरात कार्यक्रमाला वेळेवर माणसं बसलेली मी फार क्वचित पाहिली आहेत. चर्चेत माकडवाल्यापासून मुलाच्या खिडकीपर्यंत सगळं लोकांनी आपणहून काढलं. एका गृहस्थांनी मात्र शेवटी विचारलंच, की मग त्यांचं ‘तसं काही’ होतं की नव्हतं. हॉलमध्ये हशा पिकला. उत्तर कुणी दिलं नाही.

शेवटावरून मात्र गटात तड लागली नाही. कथेत भूपती म्हैसूरच्या वृत्तपत्राची नोकरी धरून निघतो. चारू म्हणते, मला घेऊन चला. तो कचरतो, मग तिचा उतरलेला चेहरा पाहून चल म्हणतो, आणि तेव्हा तीच नको म्हणते. चित्रपटात अमलचं पत्र येतं, चारू कोसळून रडते आणि भूपतीच्या ते कानी-डोळी पडतं. तो गाडीत बसून शहरभर भटकतो, परत येतो. ती दारात हात पुढे करते, ये म्हणते. त्याचा हातही पुढे होतो आणि चित्र गोठतं. दोन हात, मध्ये अंतर, दिवा घेतलेला नोकर. मग पडद्यावर कथेचं नाव. चित्रपट आला तेव्हा बंगालीत अशोक रुद्र यांनी मूळ कथेपासून तो कसा दूर गेला यावर कडक टीका केली होती आणि रायनी त्याला सविस्तर उत्तर दिलं होतं. म्हणजे आमचं भांडण जुनंच.

माझं मत असं की चित्रपटाचा शेवट मवाळ नाही. कथेत चारू नकार देऊन निसटते. चित्रपटात भूपतीला पहिल्यांदा तिला पाहावं लागतं, तेही तिला ठाऊक नसताना. जे ती सुरुवातीला त्याच्या पाठीमागून करत होती, ते आता त्याच्या वाट्याला आलं आहे. एवढं पाहिल्यावर हात जुळणं किंवा न जुळणं हा दोघांचा प्रश्न झाला, एकट्या चारूचा राहिला नाही.

सरांना हे मान्य नाही आणि आपलं मत टिपणात जसंच्या तसं ठेवा असं त्यांनी बजावलं आहे. त्यांच्या मते रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये एका बाईला नवऱ्याची सोबत नाकारायला लावली, आणि ६३ वर्षांनी रायनी तिला पुन्हा दारात उभं करून त्याला आत बोलवायला लावलं. ही माघार आहे, आणि दुर्बिणीच्या कौतुकात आम्ही ती बघितली नाही.